वाट दाखविणारें यंत्र निवडतांना

सुटी जवळ आली म्हणजे प्रवासाचे बेत होऊं लागतात, आणि त्यांबरोबर एक नवा प्रश्नही घरोघर निघतो : वाट दाखविणारें जीपीएस यंत्र घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर कोणतें? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर दुकानांत नसून ज्या वाटेनें जावयाचें त्या वाटेवर आहे.

प्रथम यंत्राचें कार्य समजून घ्यावें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत पाठवितात. त्यांपैकीं निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे यंत्र आपलें स्थान काढतें. यास मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नाहीं. गरज असते ती नकाशाची. आणि फोनमधील नकाशा बहुधा इंटरनेटवरून येतो. तो घरींच उतरवून घेतला नसेल, तर रानांत कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा दिसतो.

डांबरी रस्त्यानें पुण्याहून कोल्हापुरास जाणाऱ्यास हातांतील फोन पुरेसा आहे. रहदारीची ताजी वार्ताही त्यावर मिळते. तेवढ्यासाठीं निराळें यंत्र घेणें हा द्रव्याचा अपव्यय होय. परंतु सह्याद्रीच्या पायवाटांची गोष्ट वेगळी. तेथें पावसानें भिजलेला पडदा बोटाची आज्ञा मानीत नाहीं, आणि रेंज शोधतां शोधतां फोनची बॅटरी संपते. अशा प्रवासासाठीं बटणांचें, पाण्यास दाद न देणारें, सेल बदलतां येणारें आणि उंचीच्या रेषांचा नकाशा साठविलेलें यंत्र घ्यावें. आल्या वाटेची नोंद ठेवण्याची सोय त्यांत असावी. धुक्यांत माघारीं फिरतांना तीच उपयोगी पडते. मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठविणारें यंत्र आपल्या देशांत सरकारी परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं, हें खरेदीपूर्वीं ध्यानांत असावें.

तथापि महागांतल्या महाग यंत्रासही एक मर्यादा आहे. तें स्थान सांगतें; वाट चालण्याजोगी आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर उभें राहून पायथ्याच्या बेलपाड्याची दिशा विचारली, तर बाण सरळ कड्याकडे वळेल, आणि अंतरही थोडेंच दाखवील. त्या थोड्या अंतरांत केवढी खोली दडली आहे, हें उंचीच्या रेषा वाचतां येणाऱ्यासच कळतें. अरुंद घळींत तर आकाशच थोडें दिसतें, आणि कड्यांवरून परतणाऱ्या संकेतांमुळें दाखविलेलें स्थानही चुकूं शकतें.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी कीं, मुलांच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं कागदी नकाशा व होकायंत्र द्यावें, आणि तीं वापरण्यास शिकवावें. विद्यार्थ्यांनीं, यंत्र जवळ असलें तरी, रानांत शिरण्यापूर्वीं गांवांतील माणसास वाट विचारण्यांत कमीपणा मानूं नये. कोणती वाट यंदाच्या पावसांत वाहून गेली, हें त्यालाच ठाऊक असतें.