तिवरा आणि तीन टेबले

गेल्या थंडीत येथील मराठी मंडळींच्या एका व्याख्यानानंतर चहापान चालले असता एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी काढलेले उद्गार या लेखाला कारण झाले आहेत. त्यांच्या चिरंजीवांना एम्. एस्सी. नंतर संशोधन करावयाचे आहे. कोणी तरी सहज विचारले, "मग येथेच का नाही?" त्यावर साहेब हसले आणि म्हणाले, "रायपुरात कसले आले आहे संशोधन? येथील विद्यापीठे परीक्षा घेतात आणि निकाल लावतात. संशोधन व्हायचे ते पुण्यात, नाही तर बंगलोरात." सभोवारच्या माना डोलल्या. मी कारकून माणूस. साहेबांच्या विधानाला चहाच्या पेल्यावरून उत्तर देण्याची आमच्यात रीत नाही. परंतु लेखी उत्तर सादर करणे हा तर आमचा नित्याचाच व्यवसाय आहे. ते आज सादर करीत आहे.

हे मत साहेबांचे एकट्याचे असते तर मी गप्प बसलो असतो. पण बदलीवर आलेली आपण मराठी माणसे ज्या गावी राहतो त्या गावाकडे आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तसे पाहत असतो. क्वार्टर कसे मिळाले, मुलांची शाळा कोणती आणि पुढची बदली कोठे, एवढ्या तीन प्रश्नांत आपले रायपूर संपते. अशा दृष्टीला विद्यापीठ म्हणजे कमान, फाटक आणि त्यावरची पाटी. १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि १९८७ चे इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालय यांच्या कमानींखालून आपल्यापैकी किती जण कधी आत गेले असतील, हा आकडा न मागितलेलाच बरा.

विद्यापीठाचे कैवारी जे उत्तर देतात तेही मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते यादी पुढे करतात : विज्ञानात इतके निबंध, आरोग्यावर इतके, समाजशास्त्रात इतके प्रबंध, म्हणजे संशोधन विविध आणि विपुल! रकाने भरण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे त्याला असल्या विपुलतेची किंमत कोणी सांगायला नको. रकाना भरला की प्रश्न सुटला असे वाटू लागते, आणि दोन रकान्यांमधील उभ्या रेघेवर जी माणसे पडलेली असतात ती कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. ही रेघ किती महाग पडते ते एका दाण्याच्या गोष्टीवरून दिसेल.

विदर्भात ज्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात आणि हिंदीत खेसारी, त्यालाच छत्तीसगढात तिवरा हे नाव आहे. थंडीत रायपूरच्या बाजारात त्याची कोवळी पाने ढिगांनी येतात, आणि आपल्यातील बहुतेकांच्या घरी ही तिवरा भाजी शिजलेली असणार. हे पीक घ्यायला नांगर लागत नाही. बांधीत धान उभे असतानाच, कापणीच्या दोन आठवडे अगोदर, ओल्या जमिनीवर बी फोकून देतात. या पद्धतीला येथे उतेरा म्हणतात. धान कापून नेले की मागे राहिलेल्या ओलीवर तिवरा वाढतो. खत नको, पाणी नको. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सारे करपते, तिवरा तेवढा तग धरतो. गरिबाचे पीक म्हणतात ते यासाठी.

आणि याच दाण्यात विष आहे. अधूनमधून खाल्ल्याने सहसा काही होत नाही. परंतु दोन-तीन महिने पोटाला मुख्यत्वे तेच राहिले तर धडधाकट माणसाचे पाय ताठरू लागतात, आणि गेलेले पाय पुन्हा येत नाहीत. तरुण पुरुषांना हा रोग अधिक गाठतो. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोग्यांच्या पायऱ्या काठ्यांनी मोजल्या आहेत : बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि अखेरचा, हातांवर सरपटणारा. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सागर प्रांतातील दुष्काळी वर्षांत तिवरा खाऊन पांगळ्या झालेल्या तरुणांची हकीगत नोंदवून ठेवली आहे. म्हणजे सरकारदरबारी ही बाब पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

मग सरकारने काय केले? बंदी केली. अन्न-भेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली तिची सोय झाली. हा नियम, ४४-अ, आपल्यातील प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा वाचावा अशी माझी विनंती आहे. कारण आपल्या धंद्याचे सारे गुणदोष त्यात उतरलेले आहेत. राज्य सरकार अधिसूचनेने जी तारीख ठरवील त्या तारखेपासून खेसारी व तिचे पदार्थ कोणी विकू नयेत, विक्रीला मांडू नयेत, विक्रीसाठी बाळगू नयेत. बंदी विक्रीला आहे, पेरण्याला नाही. आणि ज्या राज्यांत हे पीक मुबलक, त्या मध्य प्रदेश, बिहार यांसारख्या राज्यांनीच तारीख ठरविण्यात हात आखडता घेतला. पण खरी मेख याहून खोल आहे. त्या काळी रेवा भागात या रोगाची जी पाहणी वैद्यकीय संशोधकांनी केली तिच्यात रोगी सापडले ते मुख्यतः भूमिहीन मजूर. मालकाकडे बांधलेले, आणि मजुरी म्हणून धान्य घेणारे. त्या धान्यात तिवऱ्याचा वाटा मोठा. आता सांगा, मजुरी म्हणून घातलेले धान्य ही विक्री होते काय? नियमाच्या भाषेत होत नाही. शहरातील ग्राहकाच्या बेसनात भेसळ झाली तर नियम जागा होई. मजुराच्या ताटात तेच धान्य निर्भेळ पडले तर त्याला बोलायला जागाच नव्हती. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला तो १९७६ साली, आणि तो दुसऱ्या खात्याचा.

फाइल अशी तीन टेबलांवर वाटली गेली. पीक शेतीच्या टेबलावर, लंगडा पाय आरोग्याच्या, मजुरी कामगारांच्या. प्रत्येक टेबलाने आपापल्या परीने चोख टिपण लिहिले असेल. १९४२ च्या अखेरीस रुमानियनांच्या ताब्यातील व्हाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना हेच कडधान्य खाऊ घातले गेले, आणि काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय जाऊ लागले. आर्थर केस्लर या कैदी डॉक्टराने कारण ओळखले. तेथे कोणी विष विकले नव्हते. ज्याला दुसरे अन्न मागण्याचा अधिकार नाही त्याला ते वाढले गेले होते. रेवा आणि व्हाप्नियार्का यांतील अंतर मला माहीत आहे. तरीही रोगाचे मूळ निम्मे दाण्यात आणि निम्मे अन्नदात्याच्या हातात आहे, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

आता साहेबांच्या बंगलोरकडे वळतो. दाण्यातील विषद्रव्य १९६४ साली वेगळे काढले गेले ते तेथील भारतीय विज्ञान संस्थेत. राव, अदिगा आणि सर्मा यांनी. याला मुजराच केला पाहिजे. पण त्या शोधाने शेतातला दाणा बदलला नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचे, हळू आणि मातीत हात घालणारे काम लागले, आणि त्यातले एक मोठे काम येथे, लाभांडीच्या बाजूला, साहेबांच्या बंगल्यापासून मोटारीच्या थोड्याशा वाटेवर झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'रतन' हा अल्प विषाचा वाण काढला. रायपूरच्या कृषि विश्वविद्यालयाने 'प्रतीक' आणि पुढे 'महातिवरा' काढले. जुन्या वाणांच्या मानाने यांतील विष कितीतरी कमी. "कसले आले आहे संशोधन" याला माझे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर मात्र विद्यापीठाला आहे. वाण काढला, जाहीर झाला, रकाना भरला; येथे काम संपले असे कोणी समजू नये. तिवऱ्याच्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या बांधीतील जुन्या वाणाशी संकर होऊन चार-दोन वर्षांत बियाणे मिसळून जाऊ शकते. अवर्षणात आणि जस्ताचा तुटवडा असलेल्या जमिनीत दाण्यातील विष वाढते; म्हणजे ज्या वर्षी गरीब माणूस तिवऱ्यावर अधिक अवलंबून, त्याच वर्षी दाणाही अधिक दुष्ट! डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. पण दुष्काळात पाणी आणि सरपण ज्या घरात मोजून वापरतात तेथे ही कृती सांगणारा मनुष्य एकदा चुलीशी बसला पाहिजे. २०१६ साली या तीन वाणांना मोकळीक द्यावी असा अनुकूल अभिप्राय भारतीय वैद्यक संशोधन परिषदेकडून आल्याच्या वार्ता आल्या आणि दोन तट पडले. एक म्हणे विष, एक म्हणे प्रथिने. दोन्ही तटांना जी माहिती हवी होती ती एकाच ठिकाणी मिळाली असती : जो उतेरा घेतो आणि वर्षभर खातो त्याच्या घरात, सलग पाच-सात वर्षे ठेवलेल्या वहीत.

ती वही एकट्या कृषिशास्त्रज्ञाने ठेवता येत नाही. धानाच्या बाबतीत हे एकदा येथेच घडून गेले आहे. डॉ. रिछारियांनी छत्तीसगढची खेडी पालथी घालून देशी धानाचे हजारो नमुने, त्यांच्या नावांसह आणि शेतकऱ्यांनी सांगितलेल्या गुणांसह, गोळा केले. आज कृषि विश्वविद्यालयाकडे असे २३,००० हून अधिक नमुने आहेत. हे धन आपले आहे याची आठवण जनतेला झाली कधी, तर २००२ साली सिंजेंटा कंपनीशी कराराची बोलणी चालल्याचा बोभाटा झाला तेव्हा. कंपनीने माघार घेतली, आणि आपण पुन्हा निजलो.

टाटीबंधला एम्स आहे, अलीकडे रविशंकर विद्यापीठात मानववंशशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा विभाग आहे, पलीकडे लाभांडीला कृषि विश्वविद्यालय. तिन्ही एकाच ग्रेट ईस्टर्न रोडच्या आधाराने वसलेली. एक वैद्य, एक रसायनज्ञ, खेड्यात राहू शकणारा एक समाजशास्त्राचा विद्यार्थी आणि दहा गावे, एवढ्यावर जे काम उभे राहील ते पुण्याला करता येणार नाही. कारण पुण्याला उतेरा नाही. साहेबांच्या चिरंजीवांनी याचा विचार करावा. मंजुरीचा प्रस्ताव टंकून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

हा लेख लिहावयास घेतला त्या आठवड्यात बाजारातील भाजीवालीला मी विचारले की हा तिवरा कोणत्या वाणाचा. तिने मजकडे जरा नवलाने पाहिले. घरचेच बी, म्हणाली; सासऱ्याच्या वेळेपासूनचे. 'महातिवरा' हे नाव तिने ऐकले नव्हते. कृषि विश्वविद्यालय तिला चांगले ठाऊक होते. रोज सकाळी ती ज्या गाडीने येते ती त्याच्याच फाटकावरून जाते.