घर बदललंय, पत्ता बदला

आमच्या होस्टेलमध्ये काहीही बिघडलं की पहिली शिवी नेटला बसते. मेसमध्ये चपाती कच्ची राहिली तरी कुणीतरी प्रॉक्सीचं नाव घेईल, इतकी सवय झाली आहे. त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात सेकंड इयरचा एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन रूमवर आला आणि म्हणाला, "दादा, विममध्ये प्लगिन इन्स्टॉल होत नाहीत, नेटची बोंब आहे," तेव्हा मीसुद्धा मान डोलावली आणि त्याला माझ्या मोबाईलचं नेट दिलं. बारापैकी नऊ प्लगिन आली. तीन नापास. होस्टेलच्या नेटवरही हीच तीन नापास होती!

खरं तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. नेट खराब असेल तर कोणतीही तीन पडतील, दर वेळी तीच तीन कशाला पडतील? पण रात्रीचा दीड वाजला होता. आम्ही विम काढून पुन्हा टाकलं, गिट काढून पुन्हा टाकलं. ज्युनिअर तर आता लिनक्सच नव्याने टाकू म्हणत पेन ड्राइव्ह शोधायला गेला. तेवढ्यात मी पहिल्यांदा ती सेटिंगची फाइल नीट वाचली. ही फाइल म्हणजे आमच्या विंगचा वारसा. मला ती सिनिअरने दिली, त्याला त्याच्या सिनिअरने. जर्नलसारखी आम्ही ती उतरवून घेतो, वाचत कुणी नाही.

तीन नापासांची तीन वेगळी कारणं निघाली.

पहिल्याचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होण्याऐवजी नुसत्या 'गिट'ने सुरू होत होता. हा जुना प्रोटोकॉल ९४१८ नंबरच्या पोर्टवर चालतो. त्यात एन्क्रिप्शन नाही, समोरचा सर्व्हर खरा की खोटा हेही कळत नाही, म्हणून गिटहबने १५ मार्च २०२२ ला तो कायमचा बंद केला. आमच्या होस्टेलच्या फायरवॉलवर हा पोर्ट तसाही बंदच. म्हणजे नेटला शिवी दिली ती अर्धी बरोबर होती, आणि अर्धं बरोबर निदान फार दिशाभूल करतं. पत्त्याची सुरुवात बदलली, प्लगिन लगेच आलं.

दुसऱ्याच्या ओळीत 'मास्टर' ब्रँचच हवी असं लिहिलेलं. गिटहबवर १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीची पहिली ब्रँच 'मेन' नावाने बनते, आणि बऱ्याच जुन्या प्रोजेक्टांनीही नाव बदलून घेतलं. ब्रँच सापडत नाही असं एररमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. पण एरर वाचतो कोण?

तिसरं प्रकरण मात्र मला अजून टोचतं. त्याचा पत्ता घेऊन ज्युनिअरने टर्मिनलवर हाताने क्लोन केलं, तर गिटने युजरनेम मागितलं. पठ्ठ्याने मुकाट्याने दिलं. पासवर्ड मागितला, तोही दिला. चालला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा! मी ओरडेपर्यंत तीन पासवर्ड टाकून झाले होते. ओपन सोर्स कोड उतरवायला पासवर्ड कशाला लागेल? त्या पत्त्यावर रिपॉझिटरीच नव्हती. गिटहब मुद्दामच 'इथे काही नाही' असं अनोळखी माणसाला सांगत नाही, कारण तसं सांगितलं तर कुणाची खाजगी रिपॉझिटरी कुठे आहे ते ओळखता येईल. म्हणून ते आधी ओळख विचारतं. शिवाय गिटच्या कामांसाठी अकाउंटचा पासवर्ड तिथे १३ ऑगस्ट २०२१ पासून चालतच नाही. त्या रात्री काही चोरीला गेलं नाही. पण पाटी दिसली की पासवर्ड टाकायचा, ही सवय उद्या एखाद्या खोट्या पत्त्यासमोरही तशीच चालेल.

त्या प्लगिनच्या मालकाने नव्या खात्यावर कोडची कॉपी टाकून जुनी रिपॉझिटरी डिलीट केली होती. रीतसर ट्रान्सफर केलं असतं तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला गिटहब आपोआप नव्या घरी पोचवतं. नर्डट्रीचंच बघा. ते पूर्वी एका व्यक्तीच्या खात्यावर होतं, आता 'प्रिझर्व्हिम'कडे आहे. अशा वेळी आपल्याला पत्ता बदललेला कळतही नाही, आणि मला धोका तिथेच वाटतो. जुन्या नावाने कुणी नवं खातं काढून त्याच नावाची रिपॉझिटरी बनवली, तर ते वळण तुटतं आणि आपण कुणा तिऱ्हाइताचा कोड उतरवू लागतो. प्लगिन आपल्या लॉगिनच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतं, हे विसरू नका. म्हणून आज चालतंय तरी पत्ता बदलून घ्यावा असं माझं मत आहे.

बदलणंही एका जागी करून भागत नाही. विम-प्लगमध्ये फाइलमधली ओळ बदलली तरी डिस्कवरचं जुनं फोल्डर जुनाच पत्ता धरून बसतं. आधी 'प्लग-क्लीन' करावं लागतं. सबमॉड्यूल असेल तर यादीत पत्ता बदलल्यावर 'गिट सबमॉड्यूल सिंक' द्यावं लागतं. आणि काहीही पुसण्याआधी 'गिट एलएस-रिमोट' आणि पुढे पत्ता, एवढं टाइप करा. ब्रँचची यादी आली तर नेटही ठीक आणि पत्ताही ठीक. आमचे त्या रात्रीचे तीन तास या एका ओळीने वाचले असते.

आता जरा आपल्या अंगणात बघू. आपल्या रोबोटिक्सच्या पोरांचा मोटर कंट्रोलचा कोड एका सिनिअरच्या वैयक्तिक खात्यावर होता. नोकरी लागल्यावर त्याने खात्याची साफसफाई केली, आणि त्या कोडवर उभे असलेले पुढच्या बॅचचे दोन मिनी प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी बिल्ड होईनात. त्याला दोष देत नाही, त्याचं खातं आहे. पण त्याच्याकडून ट्रान्सफर करून घ्यायचं आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही. फेअरवेलला आपण सिनिअरकडून ड्राफ्टर घेतो, कूलर घेतो, सायकल घेतो. रिपॉझिटरी तेवढी राहते.

डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना म्हणूनच विनंती आहे: गिटहबवर डिपार्टमेंटच्या नावाने एक ऑर्गनायझेशन काढा. त्याचे किमान दोन मालक स्टाफपैकी असू द्या, आणि नो-ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी आणि मेसच्या खाली 'रिपॉझिटरी ट्रान्सफर केली' असा एक रकाना वाढवा. विंगची ती फाइल मी दुरुस्त केली आहे, वरती तारीखही टाकली आहे. हवी असेल त्याने रूमवर यावं. पेन ड्राइव्ह मात्र स्वतःचा आणा, आमचा त्या रात्रीपासून सापडत नाहीये.