मासळीचा न्याय्य वाटा

पुणे शहर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे वसलेले आहे. तेव्हा किनाऱ्यावरील कोळ्यांच्या तंट्याशी आम्हां पुणेकरांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने गणेश पेठेतील मासळीबाजारात एक फेरी मारून यावे, हेच त्यास उत्तर. कोकणची पापलेटे, सुरमई व बांगडे बर्फात घालून घाट चढून येथे येतात आणि आमच्या स्वयंपाकघरांत शिरतात. जो माल विकत घेतो तो त्या व्यवहारातील एक पक्षच होय. आणि व्यवहार न्यायाचा आहे की अन्यायाचा, हे पाहण्याची जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या 2010 च्या गणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 456 मच्छीमार गावे असून त्यांत 81 हजारांवर कुटुंबे राहत होती. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे राज्यात 2018 साली सुमारे 2.95 लाख टन सागरी मासळी उतरली, आणि 2019 साली केवळ 2.01 लाख टन. गेल्या 45 वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे होड्या पुष्कळ दिवस बंदरातच अडकून पडल्या हे खरे. परंतु सगळा दोष वाऱ्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. बारीक आसाच्या जाळ्यांनी अंडी घालण्यापूर्वीच पिले उचलावयाची आणि पुढील वर्षी मासळी का नाही म्हणून कपाळाला हात लावावयाचा, हे बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्यासारखेच झाले.

भांडे लहान झाले की वाढणाऱ्याची परीक्षा होते. मासळी विपुल होती तेव्हा कोणी किती घ्यावी हा प्रश्न फारसा निघत नव्हता. आता तो रोज निघतो. सिंधुदुर्गाच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर रांपण नावाची जुनी पद्धत आहे. होडीतून लांबच लांब जाळे टाकून मासळीचा थवा वेढावयाचा, आणि मग गावातील अनेक जणांनी मिळून दोर ओढीत ते वाळूवर आणावयाचे. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. याच थव्यांवर आता यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांची नजर असते. थवा किनाऱ्याजवळ येण्यापूर्वीच ती त्याला वेढतात व बुडाकडून आवळून घेतात. एका नौकेचे काम एका दिवसात फत्ते होते. आणि वाळूवर दोर घेऊन बसलेल्या पन्नास माणसांना रिकामे जाळे घेऊन घरी जावे लागते.

राज्यशासनाला हे दिसले नाही असे नाही. 1981 सालीच सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. पुढे डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश निघाला. त्याप्रमाणे झाईपासून मुरूडपर्यंत पर्ससीन मासेमारीस बंदी झाली. दक्षिणेकडे ती सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरतीच ठेवण्यात आली. आणि 494 परवाने टप्प्याटप्प्याने 262 व अखेरीस 182 वर आणावयाचे ठरले. प्रखर दिव्यांनी मासळीस भुलवून पकडण्याच्या पद्धतीसही 2017 साली केंद्र सरकारने मनाई केली. कायदा असा पुष्कळ झाला. परंतु रात्रीच्या समुद्रावर गस्तीची नौका नसेल, तर तो कागदावरच पोहत राहतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पर्ससीनवाले म्हणतात, "आम्हीही याच किनाऱ्याची लेकरे, कर्ज काढून नौका बांधल्या, खलाशांची पोटे आमच्यावर आहेत, आणि शहरास भरपूर मासळी पुरवितो ती आम्हीच." हे बोलणे खोटे नव्हे. ज्यास काल परवाना दिला त्यास आज चोर म्हणणे शोभत नाही. परंतु कर्ज फेडावयाचे आहे म्हणून समुद्राने अधिक विणावे, असा काही निसर्गाचा करार नाही.

परदेशांचा अनुभवही बोधप्रद आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासळीचा इतका उपसा झाला की, 1992 साली सरकारला ती मासेमारी बंदच करावी लागली. सुमारे 30 हजार माणसे बेकार झाली. तेथे लहानमोठ्यांचा तंटा मिटला खरा, पण वाटून घेण्यासारखे काही उरले नाही म्हणून! आइसलँडने 1984 पासून नौकानिहाय वाटे ठरवून दिले व 1990 च्या कायद्याने त्यांच्या खरेदीविक्रीस मोकळीक दिली. त्यामुळे उपशास आळा बसला. परंतु वाटे मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाले, आणि कित्येक लहान गावांपुढे समुद्र असून हक्क उरला नाही.

यावरून आमचे मत असे बनले आहे. पहिली गोष्ट, किती मासळी काढावयाची हे शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून आधी ठरावे व कोणाला किती हे मागाहून. कारण मूळ ठेव खाऊन टाकणारी वाटणी कितीही समान असली तरी ती न्याय्य नव्हे. दुसरी, किनाऱ्यालगतचे पाणी स्वतः जाळे ओढणाऱ्यांसाठी राखून ठेवावे, आणि मासेमारीचा परवाना ही विकण्याची वस्तू होऊ नये. तिसरी, ज्यांच्या नौका कमी करावयाच्या त्यांना नुकसानभरपाई व त्यांच्या खलाशांना दुसरे काम मिळावे. आणि नियम स्थानिक व परप्रांतीय नौकांस सारखाच लागू व्हावा. शिक्षा दुबळ्याला व सूट दांडग्याला, असे झाले की नियमावरचा विश्वासच उडतो.

आता आमच्या अंगणाकडे वळू. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयास मिळते, आणि भिगवण-इंदापूरकडील मच्छीमार त्याच जलाशयावर पोट भरतात. तेथे देशी मासे मागे पडून चिलापीच माजली आहे. बारीक जाळ्यांचा दोष त्यांत असेल. पण पुण्याचे सांडपाणी त्या पाण्यात कोणी सोडले? मच्छीमारांना संयम शिकविण्यापूर्वी आपण आपली नदी स्वच्छ राखली पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हाती परवाने नाहीत. पण उद्याची बाजारपेठ व उद्याचे मत तुमचेच आहे. आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, बोटाएवढी पापलेटे स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नयेत, आणि श्रावणापूर्वीच्या बंदीच्या दिवसांत ताज्या पापलेटाचा हट्ट धरू नये. गिऱ्हाइकाने पिले घेण्याचे नाकारले, तर ती पकडण्यात कोणास लाभ उरणार नाही.