कात्रीने राक्षस मरत नाही

भयपट हा शब्द कानी पडताच आपल्या धर्मग्रामांतील अनेक सुज्ञ मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. कोवळ्या मुलांनी असले चित्रपट पाहू नयेत, इथवर त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. वयाचा विवेक प्रत्येक आईबापाने केलाच पाहिजे. परंतु चार मुलांनी एकत्र येऊन, पुठ्ठ्याची शवपेटी आणि कापसाचा राक्षस करून, स्वतःच असा चित्रपट रचायला घेतला, तर तोही सैतानी उद्योग ठरवून बंद पाडावा, हे मत आम्हांस मान्य नाही. ख्रिस्ती दृष्टीने पाहिले तर ते मत उथळ आहे.

हा छंद नवा नाही. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि १९५८ साली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक निघाले. ड्रॅक्युला, ममी आणि फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो अभागी जीव घराघरांत पोहोचले. मग कितीतरी मुलांनी घरातला छोटा कॅमेरा उचलून परसदारी आपापले राक्षस उभे केले. डोनाल्ड ग्लट याने तर त्याच्याही आधी, १९५३ साली, वयाच्या नवव्या वर्षी आरंभ केला आणि १९६९पर्यंत ४१ हौशी चित्रपट केले. तो पुढे लेखक झाला; सैतानाचा शिष्य झाला नाही. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरात घरच्या माणसांच्या बळावर उभा केला. ते धंदेवाईक होते, हौशी नव्हते. पण थोडक्या पैशांत भय उभे करण्याची रीत तीच.

आक्षेप घेणाऱ्यांनी या राक्षसांची मूळ पुस्तके एकदा तरी उघडावीत. मेरी शेली या तरुणीने १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध केली. तिच्या कथेतील खरे पाप कोणते? विद्यार्थी व्हिक्टर एका जीवाला घडवतो आणि त्याने डोळे उघडताच, तो कुरूप आहे म्हणून त्याला टाकून पळून जातो. ते लेकरू प्रेम मागत दारोदार फिरते, सगळीकडून झिडकारले जाते आणि मग क्रूर होते. जन्म देऊन जबाबदारी नाकारणे, हे ते पाप. याहून गंभीर प्रवचन कौटुंबिक जीवनावर कोणते असू शकेल?

आता कात्रीचा पराक्रम पाहा. १९३१ साली जेम्स व्हेल यांनी या कथेवर चित्रपट केला. त्यात तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला फुले देते. दोघेही ती पाण्यावर तरंगत सोडतात. फुले संपतात. मुलगीही फुलासारखी तरंगेल, असे त्या अजाण जीवाला वाटते. तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडताच भेदरून जातो. परीक्षकांनी हा प्रसंग अर्ध्यावर कापला. राहिले काय? मुलीकडे सरसावणारे हात, आणि नंतर तिचे कलेवर उचलून चालणारा बाप. मधले काय झाले असेल, याची प्रेक्षकाने केलेली कल्पना मूळ दृश्याहून शतपट गलिच्छ होती. अज्ञानाची चूक कात्रीने दुष्कर्म करून टाकली.

दुसरा घाव याहून बोलका आहे. निर्जीव देहात प्राण येताच शास्त्रज्ञ उन्मादाने ओरडतो की, ईश्वर होणे म्हणजे काय ते आता आपल्याला कळले. पुढे पुनःप्रदर्शनाच्या वेळी हा उद्गार ईश्वरनिंदा म्हणून विजेच्या कडकडाटात बुडवला गेला. ज्या आचारसंहितेचा तेव्हा अंमल होता, तिचा मसुदा १९३० साली करण्यात येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड यांचा मोठा हात होता. हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण आदामापासून चालत आलेल्या ज्या अहंकाराचे फळ ही कथा दाखवते, त्याचाच उच्चार पुसला गेला. निदान फाडून टाकले. रोग तसाच राहिला.

मुलांचा उद्योग बंद पाडणारे हीच कात्री चालवतात. राक्षस नुसता पाहणारे मूल भय शिकते. राक्षस घडवणारे मूल दया शिकते. कारण हौशी चित्रपटात कोणाला तरी तो मुखवटा चढवावाच लागतो. उकाड्यात त्या वेषात उभे राहून सगळ्यांच्या काठ्या अंगावर घेताना, बहिष्कृत असणे म्हणजे काय, हे त्या मुलाला थोडे तरी उमगते. बोरिस कार्लोफ यांचा तो सुप्रसिद्ध चेहरादेखील कापूस आणि चिकटद्रव्य यांचाच होता, हे त्याला कळते. भीतीचे कारखाने कसे चालतात हे ज्याला कळले, त्याला पुढे कोणीही सहजासहजी घाबरवू शकत नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही मानतो. अशा चित्रपटांत क्रूस हा ताईत होऊन बसतो. उगारला की पिशाच पळते. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त तसे घडते, पण त्याआधी आणखी काही घडते. एक अनोळखी वृद्धा आपल्या गळ्यातला क्रूस काढून प्रवासी हार्करला देते. इंग्लंडच्या चर्चमध्ये वाढलेल्या हार्करला ती मूर्तिपूजा वाटते, तरी तिच्या मायेपुढे त्याला नकार देववत नाही. क्रूस तिथे आधी प्रेमाचे दान आहे, मग शस्त्र. मुलांना हे सांगणारे कोणी हवे. आणि ते सांगताना, दारावर नि गाडीच्या आरशावर क्रूस टांगण्यामागची आपली स्वतःची भावना ताईताहून निराळी आहे काय, हेही तपासावे.

चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ साली ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली. तीत कलेच्या विभागात मुर्नाव यांचा ‘नोस्फेराटू’ आहे: १९२२ सालचा, ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीवाचून रचलेला, एका नवख्या कंपनीचा पहिला आणि अखेरचा चित्रपट. न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता, तरी तो वाचला. खुद्द रोमला ज्या पिशाचात कला दिसली, त्याला आपल्या सभागृहाचे दार बंद असावे काय?

तेव्हा पालकांनो, धर्मगुरूंनो, मुलांच्या हातचा कॅमेरा काढून घेऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि एवढेच विचारा: हा राक्षस कोणी घडवला, आणि त्याला टाकून कोण पळाले? या प्रश्नाचे उत्तर शोधत मुले जो चित्रपट करतील, तो कितीही ओबडधोबड असो, आम्ही पहिल्या रांगेत बसून पाहू.