जवानाचे मनोबल आणि धर्मगुरूचे काम

भारतीय लष्कराने सैनिकाचा धर्म छावणीबाहेर ठेवलेला नाही. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू असे धर्मगुरू थेट नायब सुभेदार म्हणून भरती होतात. मंदिर परेडला कमांडिंग ऑफिसर, स्वतःचा धर्म कोणताही असो, जवानांसोबत उभा राहतो. तरीही एक मत मोठ्या आवाजात मांडले जाते: जवान खचतो तो श्रद्धा आटल्यामुळे, संस्कार वाढवा, प्रवचने लावा, मग मानसोपचारतज्ज्ञ लागणारच नाही.

हे मत मांडणाऱ्यांनी जवानाचे घर पाहिलेले नाही. बर्फातल्या चौकीवर थंडी आणि गोळी सोसणाऱ्याला अनेकदा पोखरते ती गावाकडची गोष्ट. भावकीने बांध कोरला, मोजणी पुन्हा पुढे गेली, वडिलांचे ऑपरेशन ठरले आणि मंजूर रजा ऐनवेळी रद्द झाली. वर्षाची ६० दिवसांची रजा नियमात असते. गरजेच्या आठवड्यात ती मिळेलच असे नाही. पूर्वी घरचे भांडण पत्रातून, शिळे होऊन पोहोचायचे. आता पहाऱ्यावर निघताना फोन येतो, बायको रडत असते, मध्येच रेंज जाते, आणि तो माणूस भरलेली रायफल घेऊन रात्रभर उभा राहतो. त्याची श्रद्धा कमी पडली म्हणणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. कुलदैवताचा अंगारा त्याच्या पाकिटात असतोच; बांधाचा निकाल अंगाऱ्याने लागत नाही. स्फोटानंतर झोप उडणे, आवाजाला दचकणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे ही तर दुखापत आहे. तिला श्रद्धेची उणीव ठरवले की जवान ती लपवतो आणि डॉक्टरकडे उशिरा पोहोचतो.

याच मताला जोडून येणारा, शौर्य एकाच श्रद्धेतून येते हा दावा १९६५ चे अब्दुल हमीद आणि १९७१ चे अल्बर्ट एक्का या वेगवेगळ्या धर्मांच्या दोन परमवीरांपुढे टिकत नाही. श्रद्धेच्या बळासाठी दिला जाणारा रणगर्जनेचा दाखला तर फार जुना आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची शिवरायांची गर्जना पलटणीला एका दमात उठवते, हे खरेच; पण ते बळ चढाईच्या क्षणाचे, रात्री जागणाऱ्या मनाचे नव्हे.

धर्मगुरूची खरी जागा वेगळी आहे. अंत्यविधी, इस्पितळातील रुग्णांसोबत प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांची भेट ही कामे त्याच्याकडे सोपवलेलीच आहेत. त्यामुळे साहेबांपुढे न बोलणारा जवान त्याच्यापाशी बसतो. तिथे धर्मगुरूने त्याला धीर द्यावा, लक्षणे ओळखून वेळेत डॉक्टरकडे न्यावे आणि रजेची निकड कमांडिंग ऑफिसरच्या कानावर घालावी. धर्मगुरूंचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. लष्करी मानसोपचारतज्ज्ञ घडवणारे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयही त्याच शहरात आहे. तेथील तज्ज्ञांनी प्रत्येक धर्मगुरूला ही लक्षणे ओळखायला शिकवावे.