भीती वाटली, म्हणून काय झालं?

माझा मुलगा यंदा एकवीस वर्षांचा झाला. अजूनही त्याला घरी यायला रात्रीचे दहा वाजले, की माझा जीव खालीवर होतो. म्हणूनच परवा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर विमानांविषयी वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. त्या विमानांतल्या मुलांचं सरासरी वय होतं अवघं बावीस!

‘बॉम्बर कमांड’ असं त्या दलाचं नाव. विमानातून लढायला गेले सुमारे १ लाख २५ हजार, आणि सगळे आपणहून भरती झालेले. त्यातले ५५,५७३ परत आले नाहीत. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. लँकेस्टर विमानात सात जण असत. शेपटीकडचा बंदूकवाला तर रात्रभर एकटा, हाडं गोठवणाऱ्या थंडीत काळोखाकडे डोळे लावून बसायचा. अशा तीस फेऱ्या झाल्या, की काही महिने सुटका. पण तीस पुऱ्या होईपर्यंत वाचायला तर हवं ना!

एखाद्याचा धीर सुटायचा. ‘आता मला जमणार नाही,’ असं तो म्हणायचा. मग त्याच्या कागदांवर शेरा पडे, ‘लॅक ऑफ मॉरल फायबर’. आपल्या भाषेत सांगायचं तर, याच्यात दमच नाही! छातीवरचं विमानदलाचं चिन्ह जायचं, हुद्दा जायचा. दहा-पंधरा वेळा मरणाच्या दारातून परतलेल्या मुलालाही हा शेरा चुकत नसे. मग बाकीचे गप्प राहायला शिकले, ते कित्येक वर्षं गप्पच राहिले.

मैत्रिणींनो, या विमानांखाली कोण होतं, हेही विसरून चालणार नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग शहर पेटलं, तेव्हा हजारो बायका-मुलं तळघरांत गुदमरून, होरपळून गेली. लंडनमध्ये २०१२ साली या विमानवीरांचं स्मारक झालं. त्यावर १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचीही आठवण कोरलेली आहे. मला ते फार बरं वाटलं. वर बसलेला मुलगा घाबरलेला, खाली लेकराला कवटाळून बसलेली आईही घाबरलेलीच. एकीची आठवण ठेवायची म्हणून दुसऱ्याची पुसायला कशाला हवी?

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. बारावीच्या परीक्षेआधी लेक म्हणाला होता, ‘आई, खूप भीती वाटतेय गं.’ मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, ‘मुलगा असून घाबरतोस?’ युद्ध कुठे आणि परीक्षा कुठे, तुलनाच नाही. पण शेरा मारणारी मीच होते. त्यानंतर त्याने तो शब्द माझ्यापाशी कधी काढला नाही.

काल जेवताना मीच विषय काढला. ‘तुला हल्ली कशाची भीती वाटते का रे?’ आधी त्याने हसण्यावारी नेलं. मग ताटाकडे बघत म्हणाला, ‘वाटते ना. नोकरीचं काय होईल, याची.’ मी काही उपदेश केला नाही. वाटीत आमटी वाढली आणि ऐकत बसले. बराच वेळ बोलत होता.

तुम्हीही एकदा विचारून बघा. लेकाला, नवऱ्याला, म्हाताऱ्या सासऱ्यांनासुद्धा.