श्लीपद : औषधाआधी पाऊल पाहा

श्लीपदाचा रुग्ण समोर बसला की आपला हात प्रथम लेखणीकडे जातो. कांचनार गुग्गुळ, नित्यानंद रस, पुनर्नवा आणि वरून एखादा लेप लिहिला जातो. परंतु रुग्णाच्या पायाची बोटे फाकवून कोणी पाहत नाही. हा दोष मी इतरांना देत नाही. माझ्याच चिकित्सालयात तो मला उमगला.

काही वर्षांपूर्वी तापीकाठच्या गावातून केळीच्या बागेत राबणारी एक शेतमजूर स्त्री आली. डाव्या पायाला दहा वर्षांची सूज होती. चार महिने मी शास्त्रोक्त औषधे दिली. तरीही दरमहा थंडी वाजून ताप येई, पाय लाल होई, जांघेत अवधाण येई आणि आठवड्याची मजुरी बुडे. अखेर तिनेच विचारले, "डॉक्टरसाहेब, बोटांमधल्या चिखल्यांचं काही औषध द्या ना." रोगाची वाट त्या चिखल्यांतूनच जात होती.

हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासामार्फत शरीरात येतात व रसवाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जगतात. संसर्ग बहुधा बालपणी होतो, सूज मात्र अनेक वर्षांनी दिसते. तोवर रसवाहिन्या निकामी झालेल्या असतात आणि रात्री घेतलेल्या रक्तनमुन्यातही कृमी सापडतीलच असे नाही. पुढची हानी करतात ते भेगा व चिखल्यांतून शिरणारे जिवाणू. प्रत्येक ज्वरवेगानंतर सूज वाढते, त्वचा जाड होते. म्हणून जुन्या रुग्णात केवळ कृमिघ्न औषधाने पाय पूर्ववत होत नाही. ज्वरवेग थांबवणे हीच खरी चिकित्सा ठरते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वर्षाहून जुने, अतिशय मोठे व वारुळासारखे झालेले श्लीपद वर्ज्य सांगितले आहे. जुने पाणी साचणाऱ्या प्रदेशाशी या रोगाचा संबंधही त्यांनी नोंदवला. ही प्रामाणिकता आपणही राखावी. 'पाय पूर्ववत करून देतो' असे आश्वासन देऊ नये. आणि असाध्य म्हणून रुग्णाला वाऱ्यावरही सोडू नये.

येथे एक अप्रिय मुद्दा मांडतो. श्लीपदात सिरावेध शास्त्रोक्त आहे. तथापि ज्या पायात रसाचा निचराच होत नाही, तेथे केलेली जखम जिवाणूंना दार उघडून देते. फुटलेल्या त्वचेवरील तीक्ष्ण लेपाचेही तसेच. ज्वरवेगात तर मर्दन, व्यायाम व लेप पूर्ण वर्ज्य करून रुग्णास विश्रांती द्यावी व प्रतिजैविकांसाठी विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. त्यात कमीपणा नाही. अंडवृद्धीचा रुग्ण लाजेने रोग लपवतो. त्यालाही शस्त्रक्रियेचा सल्ला वेळीच द्यावा.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती की, नित्यानंद रसात पारद, हरताळ, ताम्र ही द्रव्ये आहेत. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने ते नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे परत पाठवावे.

हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या शासकीय यादीत आपल्या खानदेशातील जळगाव व नंदुरबार ही नावे होती. डीईसी गोळ्यांची सामूहिक मोहीम देशात २००४ पासून सुरू झाली. पुढे अल्बेंडाझोलची आणि २०१८ पासून निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनची जोड मिळाली. देशाचे निर्मूलनाचे उद्दिष्ट २०२७ चे आहे. 'मला रोग नाही, गोळी कशाला?' असे विचारणाऱ्यास आपण दिलेले उत्तर गावात चालते. तेथे आपण मोहिमेच्या विरोधात बोललो, तर ते पाप आपले.

आपल्या शास्त्रास येथे स्थान नाही काय? निश्चित आहे. केरळातील कासरगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेने आयुर्वेद, योग, पट्टबंधन व आधुनिक त्वचोपचार यांची सांगड घालून अशा रुग्णांवर काम केले आणि निष्कर्ष प्रसिद्धही केले. आपणही पायाचे माप, ज्वरवेगांची संख्या व बुडालेले दिवस लिहून ठेवावेत.

त्या भगिनीस मी रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, चिखल्यांवर औषध, निजताना पाय उंच ठेवणे, घोट्याची हालचाल आणि पायात चप्पल एवढेच शिकवले. पाय बारीक झाला नाही. पण ज्वरवेग विरळ झाले आणि मजुरी बुडेनाशी झाली. तिच्या दृष्टीने हाच उपशय. चिकित्सालयात एक घमेले, साबण व स्वच्छ पंचा ठेवावा आणि पहिल्या भेटीत तो पाय आपल्या हातांनी धुऊन दाखवावा, एवढीच प्रार्थना.